धडा घरी, निबंध वर्गात

सातवीतल्या मुलाचा निबंध पुष्कळदा त्याची आई लिहिते. रविवारी संध्याकाळी दप्तर उघडलं जातं. वहीच्या वरच्या ओळीत 'पावसाळ्यातील एक दिवस' हा विषय लिहून आणलेला असतो आणि खाली सगळं पान कोरं. मुलगा पेन चावत बसतो. आई स्वयंपाकघरातून दोन वाक्यं सांगते, मग आणखी चार सांगते आणि शेवटी गाईड काढायला सांगते. सोमवारी वर्गातल्या चाळीस वह्यांत एकच पाऊस पडलेला असतो. काळे ढग जमतात, विजा कडाडतात, मोर पिसारा फुलवतो. त्या मुलाच्या गल्लीत परवा तुंबलेलं पाणी, आजीच्या खोलीतली गळती, दोन दिवस न वाळलेल्या मोज्यांचा वास, यांतलं काहीही त्या निबंधात नसतं.

आता त्याच आठवड्यात मराठीच्या तासाला वर्गात काय झालं ते पाहा. बाईंनी धडा वाचला, समजावून सांगितला, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहिले, स्वाध्यायातल्या प्रश्नांची उत्तरं सांगितली आणि मुलांनी ती उतरवून घेतली. ऐकणं आणि उतरवणं ही भाषेच्या अभ्यासातली सर्वांत सोपी कामं शिक्षक समोर असताना झाली. कोऱ्या कागदावर स्वतःचं पहिलं वाक्य लिहिणं हे सर्वांत अवघड काम मात्र घरी गेलं. तिथे मदतीला कोणी नसतं, किंवा असतं ते घाईत असतं.

ही वाटणी कुणी विचार करून केलेली नाही, ती चालत आली आहे. ती उलटी करा, एवढंच 'फ्लिप्ड क्लासरूम' या पद्धतीचं म्हणणं आहे. एकट्याने ऐकता-वाचता येतं ते घरी आणि एकट्याने जमत नाही ते वर्गात. या पद्धतीची चर्चा मुख्यतः विज्ञान आणि गणिताच्या संदर्भात झाली. माझं मत असं, की तिची सर्वांत जास्त गरज सहावी ते आठवीच्या भाषेच्या तासाला आहे.

पद्धतीला हे नाव आणि प्रसिद्धी मिळाली ती अमेरिकेतल्या दोन शिक्षकांमुळे. कोलोरॅडो राज्यात डोंगरात वसलेलं वुडलँड पार्क नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या हायस्कुलात जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स रसायनशास्त्र शिकवत. गाव आडबाजूला असल्यामुळे सामन्यांसाठी मुलांना लांबचा प्रवास करावा लागे आणि तास बुडत. बुडालेला तास पुन्हा पुन्हा शिकवण्यापेक्षा २००७ साली दोघांनी आपलं शिकवणं रेकॉर्ड करायला सुरुवात केली. सोय गैरहजर मुलांसाठी होती, पण वर्गात हजर असलेली मुलंही ते पुन्हा पाहू लागली. तेव्हा सॅम्स यांच्या लक्षात आलं, की आपण माहिती सांगत असताना मुलांना आपली फारशी गरज नसते. ती अडतात तेव्हा असते, आणि ती अडतात घरी, गृहपाठ करताना. मग त्यांनी व्याख्यान घरी पाठवलं आणि गृहपाठ वर्गात आणला. २०१२ साली 'फ्लिप युअर क्लासरूम' या पुस्तकातून त्यांनी हा अनुभव मांडला.

विचार त्याआधीही झाला होता. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर १९९० च्या दशकापासून विद्यार्थ्यांना आधी वाचून यायला सांगत आणि वर्गात त्यांना एकमेकांशी वाद घालायला लावत. ओहायोतल्या मायामी विद्यापीठात अर्थशास्त्राच्या तीन प्राध्यापकांनी २००० साली 'वर्ग उलटवणे' याच अर्थाचं शीर्षक देऊन लेख लिहिला होता. पण ही सगळी मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांची कथा झाली.

यावर मराठीचे शिक्षक म्हणतील, यात नवं काय? 'उद्या धडा वाचून या' हे आम्ही नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सांगतो आहोत. ते खरं आहे. तरीही मुलं वाचून येत नाहीत, आणि त्याला कारण आहे. दुसऱ्या दिवशी बाई तोच धडा पहिल्या ओळीपासून वर्गात वाचून दाखवणार आणि त्याचा अर्थ सांगणार, हे मुलांना ठाऊक असतं. वाचून आलेल्याला त्याचा काही फायदा होत नाही, न वाचणाऱ्याचं काही अडत नाही. उलट वाचून आलेला मुलगा त्या तासाला कंटाळतो. घरच्या तयारीवाचून पुढचं पाऊल पडत नाही अशी रचना वर्गात असेल, तरच मूल घरून तयारी करून येईल. म्हणून या पद्धतीचा विचार व्हिडिओपासून सुरू करू नये. रिकाम्या झालेल्या पस्तीस मिनिटांत वर्गात काय करणार, हे आधी ठरवावं.

या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर 'फ्लिप्ड' हा शब्द रुळण्याच्या वीस वर्षं आधी एका शिक्षिकेने दिलेलं आहे. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. तिथल्या बूथबे हार्बर या बंदराच्या गावी नॅन्सी अ‍ॅटवेल आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवत. सुरुवातीला त्याही सगळ्या शिक्षकांसारखाच विषय देत आणि तपासत. पुढे डोनाल्ड ग्रेव्हज यांच्या मुलांच्या लेखनावरच्या कामाने त्यांचा वर्ग बदलला. मुलांनी आपला विषय आपण निवडायचा, शिक्षकाने सुरुवातीला एखादीच गोष्ट थोडक्यात सांगायची आणि उरलेल्या तासात सगळ्यांनी वर्गातच लिहायचं. बाई बाकाबाकाशी जाऊन हळू आवाजात एकेका मुलाशी बोलणार. १९८७ साली त्यांचं 'इन द मिडल' हे पुस्तक आलं. माध्यमिकच्या उंबरठ्यावरच्या मुलांना भाषा कशी शिकवावी, या विषयात ते आजही वाचलं जातं. २०१५ साली पहिलं 'ग्लोबल टीचर प्राइझ', म्हणजे दहा लाख डॉलर, अ‍ॅटवेल यांना मिळालं आणि त्यांनी ती रक्कम आपल्या शाळेला दिली.

हाच पुरस्कार सहाव्या वर्षी, २०२० मध्ये, सोलापूर जिल्ह्यात आला. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवले होते. पालकाच्या फोनने तो कोड टिपला की कविता ऐकू येई, धडा पाहता येई. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड छापून येऊ लागले. डिसले यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली, हे सगळ्यांना आठवत असेल. मला त्यांचं काम अ‍ॅटवेल यांच्या कामाशेजारी ठेवून पाहावंसं वाटतं. परितेवाडीच्या गुरुजींनी धडा मुलाच्या घरी पोचवला. बूथबेच्या बाईंनी लेखन वर्गात आणलं. भाषेचा उलटवलेला वर्ग म्हणजे या दोन गोष्टी एकत्र. आपल्याकडे पहिली गोष्ट छापील पुस्तकापर्यंत आली, दुसरीला अजून वेळापत्रकात जागा मिळालेली नाही.

करोनाच्या काळात याचा प्रत्यय आला. सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका चालली, 'शाळा बंद... पण शिक्षण आहे' या नावाने अभ्यासाचं साहित्य फोनवर येत राहिलं. कष्टाने केलेलं काम होतं ते. पण ज्या वर्गात त्या साहित्याचा उपयोग व्हायचा तो वर्गच बंद होता. शाळा उघडल्यावर आपण साहित्य बाजूला ठेवलं आणि पुन्हा उत्तरं लिहून द्यायला लागलो. दोन्ही अर्धे भाग हाती असताना ते जोडायचे राहून गेले.

जोडले तर तास कसा दिसेल? मराठीतल्या प्रयोगांचंच उदाहरण घेऊ. आठवीच्या आसपास हा विषय येतो आणि बहुतेकांच्या डोक्यात तो व्याख्येच्या रूपात पाठ होऊन राहतो. समजा, बाईंनी आदल्या दिवशी पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण पाठवलं आणि सोबत एक पानभर उदाहरणं दिली. त्यात सांगितलेलं एवढंच: क्रियापद कुणाचं ऐकतं ते पाहा. 'संजय पोळी खातो, संजना पोळी खाते.' कर्ता बदलला की क्रियापद बदलतं, हा कर्तरी. 'संजयने आंबा खाल्ला, संजयने पोळी खाल्ली, संजयने केळं खाल्लं.' इथे कर्म बदललं की क्रियापद बदलतं, हा कर्मणी. 'शिपायाने चोराला पकडलं, शिपायांनी चोरांना पकडलं.' क्रियापद कुणाचंच ऐकत नाही, हा भावे. मुलांनी घरच्यांच्या बोलण्यातली पाच वाक्यं लिहून आणायची. व्याख्या पाठ करायची नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर वाक्यं येऊ लागतात. 'मी आंबा खाल्ला' यावर वर्गात दोन तट पडतात. 'ने' नाही, म्हणजे कर्तरी, असं निम्मी मुलं म्हणतात. बाई उत्तर देत नाहीत, बदलून पाहायला सांगतात. एक मुलगी उठून तेच वाक्य म्हणते, क्रियापद जसंच्या तसं राहतं. आंब्याच्या जागी पोळी ठेवली, की 'खाल्ली' होतं. म्हणजे कर्मणीच. 'मी' आणि 'तू' यांना मराठीत 'ने' लागत नाही, म्हणून फसायला होतं. हे मुलांना कुणी सांगितलं नाही, त्यांनी पाहिलं.

मग मागच्या बाकावरून एक वाक्य येतं: 'मी भाकरी खाल्लो.' वर्ग हसतो. सोलापूर-कोल्हापूरकडे हे वाक्य घराघरांत बोललं जातं. धडा समजावून सांगण्याची घाई असलेल्या तासाला त्याच्यावर लाल रेघ पडते आणि तो मुलगा पुढचे महिनाभर तोंड उघडत नाही. इथे वेळ आहे, म्हणून बाई ते वाक्य फळ्यावर लिहितात आणि विचारतात, 'इथे क्रियापद कुणाचं ऐकतंय?' बोलणाऱ्याचं. म्हणजे त्या बोलीत हा कर्तरी आहे. मी गेलो, मी बसलो, मी खाल्लो, असा त्या बोलीचा स्वतःचा सरळ नियम आहे. प्रमाण भाषेचा नियम दुसरा. मुलगा आता सरसावतो.

'बाई, मी पाणी प्यायलो म्हटलेलं चालतं ना? मग भाकरी खाल्लो का नाही चालत?'

या प्रश्नासाठी सगळा खटाटोप करावा. कारण मुलगा बरोबर बोलतो आहे. 'पिणे' सकर्मक क्रियापद आहे, आणि तरीही प्रमाण मराठीत आपण 'मी पाणी प्यायलो' असंच म्हणतो. 'मी कविता शिकलो', 'मी वही विसरलो' हीसुद्धा त्याच घरातली. म्हणजे बोलीतला नियम प्रमाण भाषेतही काही क्रियापदांपुरता जिवंत आहे. पाठ्यपुस्तकाच्या चौकटीत नसलेली गोष्ट आठवीच्या मुलाने भाकरी आणि पाणी शेजारी ठेवून शोधली. व्याख्या उतरवून घेण्यात पस्तीस मिनिटं गेली असती तर हा प्रश्न कुणी विचारला नसता, आणि विचारला असता तरी घंटा झाली असती.

शुद्धलेखनाचंही तसंच. मूल-मुलाला, सून-सुनेला, गरीब-गरिबाला. शब्दाला प्रत्यय लागताना शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व होतो, हा नियम चार मिनिटांत सांगून होतो आणि रेकॉर्ड करून वर्षानुवर्षं वापरता येतो. ज्याला एकदा ऐकून कळत नाही तो तीनदा ऐकेल. वर्गात हात वर करून 'बाई, परत सांगा' म्हणायला बाराव्या-तेराव्या वर्षी फार धीर लागतो. त्या वयात मुलं बरोबरीच्यांच्या नजरेला सर्वांत जास्त जपतात. घरी, कानात आवाज असताना, मागे जाऊन पुन्हा ऐकणं कुणालाच दिसत नाही.

पण व्याकरण ही सोपी बाजू झाली. खरा लाभ लेखनात आहे. इथे मी थोडा हिशेब मांडतो. समजा वर्गात चाळीस मुलं आहेत. शिक्षण हक्क कायदा उच्च प्राथमिकला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक म्हणतो, प्रत्यक्षात चाळीस ही काही मोठी संख्या नव्हे. चाळीस निबंध घरी नेऊन तपासायचे, प्रत्येकाला पाच मिनिटं, तर २०० मिनिटं झाली, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. एवढा वेळ देऊन वहीत जे उतरतं ते म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा, 'छान' किंवा 'अक्षर सुधारा' असा शेरा आणि सही. मुलाच्या हाती वही येते तेव्हा लिहून आठवडा झालेला असतो, तो फक्त गुण पाहतो. आता तेच लेखन वर्गात करा. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतली पाच मिनिटं बसण्या-उठण्यात जाऊ द्या. उरलेल्या तिसात, तीन मिनिटांना एक याप्रमाणे, शिक्षक दहा मुलांशी बोलू शकतो. चार तासिकांत चाळीस मुलं होतात. घरी एकही वही न नेता प्रत्येक मुलाला तीन मिनिटं शिक्षक मिळाला, तेही लेखन चालू असताना, शाई ओली असताना.

तीन मिनिटांत काय होतं? मुलाने लिहिलंय, 'पाऊस खूप छान पडत होता.' बाई त्याच्या बाकाशी टेकतात.

'तू कुठे होतास तेव्हा?'

'काकांच्या दुकानात.'

'मग दुकानातून काय दिसत होतं?'

'गिऱ्हाईकच नव्हतं. काका दारात पोतं टाकत होते, पाणी आत येऊ नये म्हणून.'

'हे लिही.'

एवढंच. बाई पुढच्या बाकाकडे जातात. मुलगा 'खूप छान' खोडतो आणि पोत्यापासून सुरुवात करतो. कुठल्याही गाईडमध्ये नसलेलं ते पहिलं वाक्य, आणि ते त्याचं स्वतःचं आहे. असं संभाषण लाल शाईतून होत नाही, व्हिडिओतूनही होत नाही. त्याला माणूस शेजारी असावा लागतो.

यात आता आणखी एक निकड आली आहे. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि घरी लिहिलेल्या निबंधावरचा उरलासुरला भरवसा गेला. आधी आई लिहायची, गाईड लिहायचं, आता फोन लिहितो, तेही शुद्ध मराठीत. मुलाने स्वतः विचार करून लिहावं असं खरोखर वाटत असेल, तर ते डोळ्यांसमोर लिहून घेण्यावाचून मार्ग राहिलेला नाही.

एक गोष्ट मात्र उलटवू नये, असं माझं ठाम मत आहे. ती म्हणजे कविता. कवितेची पहिली भेट वर्गात, शिक्षकाच्या आवाजात, सगळ्यांनी एकत्र बसून व्हावी. तिचा अर्थ सांगणारी सहा मिनिटांची चित्रफीत आदल्या रात्री पाहून आलेलं मूल दुसऱ्या दिवशी कविता ऐकतच नाही, ते फक्त आधी ऐकलेला अर्थ तपासून घेतं. कविता आधी कानावर पडावी, थोडी अर्धवट कळावी, एखादी ओळ घरी जाताना डोक्यात घोळावी. मग घरी काम द्यायचं तर असं द्यावं: आवडलेली ओळ पाठ करून ये, किंवा ही कविता घरात कुणाला तरी वाचून दाखव आणि ते काय म्हणाले ते सांग. कथेचंही थोडंफार असंच. लांब कथेचा मधला भाग घरी वाचायला द्यावा, पण तिची सुरुवात वर्गात व्हावी. पुढे काय झालं याची ओढ लागली की मूल सांगितलेल्या पानावर थांबत नाही.

आता अडचणी. पहिली सगळ्यांच्या मनात असते ती फोनची. प्रथम संस्थेच्या 'असर' पाहणीचा २०२४ चा अहवाल सांगतो, की ग्रामीण भारतात चौदा ते सोळा वयाच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येतो. वापरता येणाऱ्यांपैकी मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुलं ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. म्हणजे यंत्र पोचलं आहे. पण घरी फोन असणं आणि संध्याकाळी सात वाजता तो सहावीतल्या मुलीच्या हाती असणं यांत अंतर आहे. फोन वडिलांबरोबर शेतावर जातो, रिक्षावर जातो, त्यावर आधी मोठ्या भावाचा हक्क असतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातल्या मुलाचं तर वेगळंच.

ही अडचण हलक्यात घेऊ नये, कारण तिचे परिणाम अभ्यासांतही दिसले आहेत. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत १,३२८ विद्यार्थ्यांवर चिठ्ठ्या टाकून वर्ग ठरवण्याच्या पद्धतीने प्रयोग झाला. गणितात उलटवलेल्या वर्गाचा थोडा तात्पुरता फायदा दिसला, अर्थशास्त्रात काहीच नाही. आणि जो फायदा झाला तो मुख्यतः आधीच पुढे असलेल्या, गोऱ्या, पुरुष विद्यार्थ्यांना झाला. मागे असलेले आणखी मागे पडले. सगळ्यांना सारखं घर, सारखा संगणक असलेल्या ठिकाणी हे झालं. दुसरीकडे, व्हॅन आल्टेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ११४ अभ्यास एकत्र तपासले. त्यांना सरासरीने लहानसा पण खरा फायदा आढळला, आणि तो कुठे वाढतो हेही. वर्गातला समोरासमोरचा वेळ कमी केला नाही आणि घरच्या तयारीवर छोटी चाचणी ठेवली, तिथे निकाल अधिक चांगले होते. म्हणजे व्हिडिओ आहे म्हणून तास कमी करू म्हणणाऱ्या संस्थाचालकाला या संशोधनाचा आधार नाही.

यातून मार्ग काढायचा तर घरच्या कामाला यंत्र लागलंच पाहिजे हा हट्ट सोडावा. धड्याची दोन पानं आणि तीन प्रश्नांचा एक छापील कागद पुरतो. फोन असेल तिथे शिक्षकाने स्वतःच्या आवाजात वाचलेला धडा पाठवावा, चित्रफीत करण्याचा खटाटोप नको. ज्या मुलाला सलग वाचता येत नाही त्याला पुस्तकावर बोट ठेवून तो आवाज ऐकणं, हीच फार मोठी मदत आहे. लांबी मात्र आवरावी. एडएक्स या संस्थेच्या अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख वेळा पाहिलेल्या चित्रफितींची नोंद २०१४ मध्ये तपासली गेली, तेव्हा दिसलं की सहा मिनिटांपुढे मोठी माणसंही टिकत नाहीत. बाराव्या वर्षाच्या मुलाला पाच पुरे.

आणि तयारी न करता आलेल्यांचं काय? रोज चार-पाच असतीलच. त्यांना उभं करू नये, बाहेर पाठवू नये. वर्गाच्या कोपऱ्यात शाळेचा एक फोन किंवा तोच कागद ठेवावा, त्यांनी पहिली सहा मिनिटं तिथे घालवावी आणि मग गटात यावं. बाकीच्यांनी दारातच एक चिठ्ठी द्यावी: धड्यातलं एक आवडलेलं वाक्य आणि एक न कळलेली गोष्ट. चाळीस चिठ्ठ्यांवरून दोन मिनिटं नजर फिरवली की आज कुठून सुरुवात करायची ते शिक्षकाला कळतं. न कळलेली गोष्ट लिहिणं हाच प्रवेश असल्यामुळे 'मला कळलं नाही' म्हणण्याची लाजही हळूहळू जाते.

मला या पद्धतीत सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट फक्त भाषेच्या वाट्याला आली आहे. रसायनशास्त्र कुणाच्या घरी सापडत नाही, भाषा सापडते. कोलोरॅडोच्या शिक्षकांना धडा घरी पाठवावा लागला. मराठीच्या शिक्षकाला अर्धा धडा घरीच भेटतो. वाक्प्रचार शिकवायचे असतील तर 'आज घरात कोण रागावलं आणि नेमकं काय म्हणालं ते लिहून आणा' एवढं सांगावं. चाळीस घरांतून चाळीस वाक्यं येतील आणि त्यांतली निम्मी पुस्तकातल्या यादीत नसतील. आजीला विचारा, जात्याचे भाग कोणते? आजोबांना विचारा, नांगराच्या कुठल्या भागाला काय म्हणतात? ज्या मुलाची घरची भाषा गोरमाटी, भिली, उर्दू किंवा हिंदी आहे, त्याने आपल्या घरचा शब्द आणावा. फळ्यावर एकाच वस्तूची पाच नावं शेजारी लिहिली जातील, तेव्हा त्या मुलाला मराठीच्या तासाला प्रथमच काही देण्यासारखं सापडलेलं असेल. आणि ज्या घरात कुणालाही लिहिता-वाचता येत नाही, ते घर मुलाच्या अभ्यासाला निरुपयोगी असतं हा समजही पुसला जाईल. निबंध लिहून देणं त्या आईला जमत नव्हतं. म्हण सांगणं तिला कुणाहीपेक्षा चांगलं जमतं.

पालकांची तक्रार येईलच, की बाई वर्गात काही शिकवत नाहीत, मुलांनाच बोलत आणि लिहीत ठेवतात. पहिल्या पालकसभेत त्यांना वही दाखवावी: जूनमधलं पान आणि सप्टेंबरमधलं पान. दहावीच्या भाषेच्या कृतिपत्रिकेत आता स्वमत विचारतात, आणि स्वमत लिहून देणारं गाईड परीक्षागृहात बरोबर नेता येत नाही, हेही सांगावं. अभ्यासक्रम पूर्ण होण्याची काळजी शिक्षकांना असते आणि ती रास्त आहे. म्हणून सगळं एकदम उलटवू नये. एका सत्रात व्याकरणाचे दोन घटक आणि एक लेखनप्रकार, एवढ्यापासून सुरुवात पुरे.

मुख्याध्यापकांना मात्र एक विनंती आहे, आणि तिला ना निधी लागतो ना परवानगी. पुढच्या वर्षीचं वेळापत्रक आखताना सहावी, सातवी आणि आठवीला आठवड्यातून एक दिवस मराठीच्या दोन तासिका सलग द्या. त्या वेळात बदली तास, सूचना, वर्गणी असं काही नको. मुलं लिहितील आणि शिक्षक त्यांच्या बाकांमधून फिरतील. आणि पालकांनो, येत्या रविवारी मुलाने कोरं पान समोर ठेवलं तर वाक्य सांगू नका. पाऊस पडला तेव्हा तू कुठे होतास, एवढं विचारा.